तिसऱ्या वाफ्याचे तात्या

मॅट्रिकची परीक्षा पास झालो त्या वर्षी माझं डोकं जे फिरलं, ते पुढे बरीच वर्षं ठिकाणावर आलं नाही. ठाण्यात आगगाडी येऊन तेव्हा पंचवीस-तीस वर्षं झाली होती, पण मॅट्रिक झालेले लोक अजून बोटांवर मोजण्याइतकेच होते, आणि त्यांतलं एक बोट आपण आहोत हे मी कुणाला विसरू देत नसे. टेंभी नाक्यावरून जाताना मी मुद्दाम सावकाश चालायचो, लोकांना नीट बघता यावं म्हणून. लोक बघत नसत ही गोष्ट वेगळी. अशा अवस्थेत मी मिठागरांवर देखरेख करणाऱ्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलो आणि तिथे मला तात्या भेटले.

त्यांचं खरं नाव इथे सांगत नाही. त्यांची नातवंडं आहेत आणि त्यांतला एक वकील आहे. कचेरीत साहेब सोडून सगळे त्यांना तात्याच म्हणत. अंगानं काटकुळे, देवानं दिलेली सगळी उंची कमरेखाली गेलेली. वर काळा अल्पाकाचा कोट, आत पांढरी बाराबंदी, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं आणि खाली ते दोन पाय. उन्हानं आणि खाऱ्या पाण्यानं ते कायमचे लालसर झाले होते. चालताना तात्या प्रत्येक पाऊल उचलत, जरा थांबत आणि मग ठेवत. सोवळं नेसलेला माणूस ओल्या अंगणातून जातो तसे ते कोरड्या रस्त्यावरूनही जात. मिठागरावर काम करणाऱ्या आगरी बायका त्यांना खाडीतल्या लांब पायांच्या पाखरावरून पाठीमागे 'शेकाट्या' म्हणत. पाठीमागे म्हणजे तात्यांना ऐकू जाईल इतक्याच अंतरावरून. तात्यांना त्याचा राग नव्हता. उलट एकदा ते मला म्हणाले होते, "अहो, शेकाट्याला कुणी तात्या म्हटलं तर त्यानं रागवावं. मी कशाला रागवू?"

पहिल्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं. मी नाव, वडिलांचं नाव, गाव सांगितलं आणि न विचारता जोडलं, "मॅट्रिक. पहिल्याच खेपेला."

"बरं, मॅट्रिक, बसा," तात्या म्हणाले. तेव्हापासून त्यांनी मला दुसऱ्या कुठल्याही नावानं हाक मारली नाही. मला बरेच दिवस तो मान वाटत होता.

तात्यांचं काम असं की, सकाळी चेंदणीच्या पलीकडे खाडीवरच्या मिठागरांत फेरी मारायची, दुपारी कचेरीत येऊन त्या दिवसाची हकीकत मोडीत लिहायची. कुठल्या बांधाला भगदाड पडलं, खाडीचं पाणी आत घ्यायची कुठली उघाडी नीट बसत नाही, भरतीचं पाणी कुठवर आलं, असला मजकूर. साहेबाला मोडी येत नसे. म्हणून त्या वहीचं इंग्रजी करायला माझी नेमणूक झाली होती. वहीत शेवटी शेऱ्याचा एक रुंद रकाना होता. त्यात काय लिहायचं हे वरून कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि कुणी वाचतही नव्हतं. माझ्या आधीचा भाषांतर करणारा शहाणा होता. तो त्या रकान्यासमोर रोज 'काही नाही' असं इंग्रजीत लिहून मोकळा व्हायचा.

तात्या त्या रकान्यात पाखरं लिहीत. "आज तुतवार आले. दमलेले दिसतात, त्यांच्या बाजूनं टोपल्या नेऊ नयेत." "ढोकरी सकाळपासून एका जागी उभी आहे. आम्हीही होतो. ती जिंकली." सरकारी वहीत, सरकारी शाईनं, उत्तम वळणदार मोडीत हे सगळं लिहिलेलं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हाताऱ्याचं डोकं गेलं आहे अशी माझी खात्री झाली. माझं स्वतःचं कुठे होतं ते वर सांगितलंच आहे.

चैत्र संपता संपता ते मला मिठागर दाखवायला घेऊन गेले. "ज्याचं इंग्रजी करता ते एकदा बघून तरी घ्या," म्हणाले. मी नवा कोट आणि नवे जोडे घालून निघालो. बांधावर पोचल्यावर तात्यांनी छत्री मिटली. रणरणत्या उन्हात मिटली आणि काखेत मारली, कारण उघड्या छत्रीला पाखरं बुजतात. मग ते उभे राहिले. मीही राहिलो. थोड्या वेळानं मी विचारलं, "आता काय?"

"आता हेच," तात्या म्हणाले. "मॅट्रिक, आधी उभं राहायला शिका. बघणं आपोआप येतं."

समोर तिसरा वाफा होता. तो जुना झालेला, त्यात मीठ धरत नसे, नुसतं भरतीचं पाणी साठवायला वापरत. त्या उथळ पाण्यात शेकाटे चरत होते. अंग कबुतराएवढं, पोट पांढरं शुभ्र, पंख काळे, चोच सुईसारखी सरळ, आणि पाय असे लांब लाल की ते दुसऱ्याच कुणाचे उसने आणल्यासारखे वाटावेत. चोच पाण्याला लागावी म्हणून बिचाऱ्याला कमरेत मोडून वाकावं लागतं. बसायचं झालं तर ते पाय मागे कसे घडी करायचे याची त्याला रोज नव्यानं पंचाईत पडते. मी हसलो. तात्या हसले नाहीत.

मग हळूहळू त्यांनी मला सांगितलं. शेकाट्या घर करतो ते असं उघड्यावरच, बांधाच्या कडेला, चिखलात चार काड्या टाकून. उन्हं फार झाली तर मादी आधी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि मग अंड्यांवर येऊन बसते, म्हणजे अंडी निवतात. पाणी चढायला लागलं तर नर-मादी मिळून खालून काड्या, चिखलाचे गोळे सारत राहतात आणि घर उचलतात. पण उधाणाची भरती एकदम आत घेतली तर त्यांचं काही चालत नाही. म्हणून या दिवसांत तात्या स्वतः उघाडीपाशी उभे राहत आणि ती चार बोटंच उघडायला लावत. आगरी लोकांना ते पाठ होतं. तिसऱ्या वाफ्याच्या त्या बाजूनं कुणी टोपली घेऊन जातच नसे. कुणी तसा हुकूम काढलेला नव्हता.

हे ऐकत असतानाच माझ्या समोर, वीस पावलांवर, एक शेकाट्या धाडकन चिखलात आडवा झाला. एक पंख लोंबता टाकून तो फरफटत निघाला, आणि 'किप किप किप' असा आकांत मांडला. माझ्या अंगात एकदम भूतदया संचारली. तात्या "अहो, अहो मॅट्रिक" म्हणेपर्यंत मी बांधावरून खाली उतरलो होतो. मी दहा पावलं गेलो की पाखरू बारा पावलं सरके. आता धरतोच, अशा बेतानं मी वाकलो आणि डाव्या पायाचा जोडा गेला. उजवा पाय काढायला जोर लावला, तो गुडघ्यापर्यंत आत. मग तोल जाऊन मी नव्या कोटासकट बसलो. पाखरू उठलं, दोन्ही पंख नीट उघडून, ते लांब लाल पाय मागे सोडून, माझ्या डोक्यावरून आरामात उडून गेलं.

पलीकडच्या बांधावर एक वयस्क आगरीण टोपली टेकून उभी होती. ती ओरडली, "अरं कारकुना, त्याचा पंख काय मोरला नाय! तुला घरापासून लांब न्यायचं सोंग हाय त्यां!"

तात्यांनी मला छत्रीच्या मुठीनं ओढून बाहेर काढलं. "वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "कोल्हेसुद्धा फसतात." मला कोल्ह्यांच्या पंगतीला बसवल्याचा राग आला, आणि मॅट्रिक माणूस एका पाखराकडून फसला हे तात्यांनी पाहिलं, याचा तर फारच. जोडा मिळाला नाही. तो अजून तिथेच असेल.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नवे साहेब आले. तरुण होते, मनानं चांगले होते. त्यांना एकच नाद, पाखरांची अंडी जमवण्याचा. बंगल्यात त्यांचं उथळ खणांचं एक कपाट होतं. खणाखणांत कापूस, कापसात अंडी, आतला ऐवज सुईनं भोक पाडून फुंकून टाकलेला. एक दिवस त्यांनी ते मला उघडून दाखवलं आणि सहज म्हणाले, या खाडीत उभं असतं ते लांब पायांचं पाखरू इथे घर करतं की नाही हे कुणालाच ठाऊक दिसत नाही.

इथे मी जे केलं त्याला माझ्यापाशी सबब नाही. मला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. साहेबानं मला कपाट दाखवलं या आनंदातच मी धावत कचेरीत गेलो, वही आणली, आणि तात्यांच्या शेऱ्याचं इंग्रजी कागदावर उतरवून अस्खलित वाचून दाखवलं: "तिसऱ्या वाफ्याच्या पूर्वेच्या बांधाला शेकाट्यानं घर धरलं. चार अंडी, मातकट, काळे ठिपके. कुणी तिकडे जाऊ नये." शेवटचं वाक्य मी जरा पुटपुटून वाचलं. साहेबांनी माझ्या इंग्रजीची तारीफ केली. मी घरी गेलो तो जमिनीपासून वीतभर वरूनच.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तात्यांना बोलावून, रविवारी सकाळी आम्हाला ती जागा दाखवा, असं सांगितलं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग ते म्हणाले, "हो साहेब, दाखवतो की," आणि जाऊन आपल्या जागेवर बसले. त्या दिवशी त्यांच्या शेऱ्याच्या रकान्यात काहीच नव्हतं. मला वाटलं, म्हाताऱ्याला साहेबाबरोबर जायला मिळणार म्हणून हर्ष झाला असेल. मी असं खरंच वाटून घेतलं होतं.

रविवारी आम्ही चौघे निघालो. पुढे तात्या, मागे साहेब, त्यांच्या मागे मी, आणि शेवटी कापसाची पेटी घेतलेला शिपाई. दुसरा वाफा ओलांडला तशी पाखरं उठली आणि आमच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली. तिसऱ्या वाफ्याचा बांध पन्नास पावलांवर राहिला असेल. तेवढ्यात तात्या "आई गं! मेलो, मेलो!" असं ओरडून आडवे झाले.

तात्यांचा चढलेला आवाज मी तोवर ऐकला नव्हता. मिठागरावर तर ते कुजबुजत बोलत. ते पडले तेही गावाकडच्या बाजूला. उजवा पाय दोन्ही हातांनी धरून ते कण्हत होते. साहेब हात द्यायला वाकले, तर म्हणाले, "इथे नको साहेब, तिकडे जरा सावली आहे," आणि बसल्या बसल्या दहा पावलं गावाच्या दिशेनं सरकले. साहेब तिथे पोचले, तर, "इथे टोचतंय, अजून थोडं तिकडे." साहेब त्यांच्या मागे, शिपाई साहेबांच्या मागे. सावली त्या सबंध मिठागरात कुठेही नव्हती.

मी जागच्या जागी उभा राहिलो. हे सरकणं मी पाहिलं होतं; त्याच्या मागून मी जोडा घालवला होता. पलीकडे ती आगरीण उभी होतीच. ती मलाच ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "कुठं परायचं तां म्हाताऱ्याला बरोबर ठावं हाय." माझे कान तापले. तोंडातून शब्द काढला नाही, एवढंच त्या सकाळी माझ्या हातून चांगलं झालं.

साहेब खरोखर सज्जन. अंडी-बिंडी विसरले, आणि शिपायाच्या मदतीनं तात्यांना हातांच्या झोळीवर घेऊन रस्त्यापर्यंत आले, तिथून बैलगाडीत घातलं. गोऱ्या साहेबाच्या खांद्यावर हात टाकून तात्या येताहेत, हा देखावा गावानं पुढे वर्षभर पुरवून पुरवून सांगितला. घरी तात्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, त्यांना आधी आंघोळ घातली आणि मग आंबेहळद उगाळायला बसल्या.

संध्याकाळी मी समाचाराला गेलो. काकू कढत लेप लावत होत्या आणि तात्या चांगल्या पायावर तो निमूटपणे सोसत होते.

"अहो, सूज तर कुठे दिसत नाही," काकू म्हणाल्या.

"आतून आहे," तात्या म्हणाले.

"आतून म्हणजे कुठून?"

"आता बाहेरून दाखवू का? लाव तू."

मी तात्यांकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी समजलो की त्यांना कळलं. आम्हा दोघांत आता एक गुपित आहे, अशा थाटात मी घरी आलो.

पण साहेब विसरले नव्हते. सोमवारी त्यांनी मला बोलावलं. म्हातारा बरा होईल तेव्हा होईल, तुझ्या कागदावर तिसरा वाफा असं स्पष्ट आहे, तर उद्या आपण दोघेच जाऊ. त्यांच्या पुढ्यात माझं ते सुबक इंग्रजी पडलं होतं. मी म्हणालो, "साहेब, माझी चूक झाली. ते पान मागच्या वर्षीचं आहे. मी यंदाचं समजून भाषांतर केलं."

साहेबांनी तो कागद उचलून बाजूला ठेवला. मग त्यांनी विचारलं, मागच्या वर्षीच्या पानासाठी तू मला उन्हात नेलंस आणि एका म्हाताऱ्याचा पाय मोडायची वेळ आणलीस? मी म्हणालो, होय साहेब. वही मोडीत होती. पडताळून पाहणारा दुसरा कुणी नव्हता. त्यांनी माझ्या नोकरीच्या कागदावर लिहून ठेवलं की याच्या भाषांतरावर विसंबू नये. जवळजवळ ठरलेली बढती दुसऱ्याला गेली. माझ्या इंग्रजीला लागलेला तो डाग खोटा होता आणि तो लावून घ्यायला मीच गेलो होतो. महिन्याभरात तिसऱ्या वाफ्यात चार पिल्लं आपल्याच पायांत अडखळत हिंडत होती असं आगरणींकडून कळलं. मी स्वतः बघायला गेलो नाही, लाज वाटत होती.

तात्यांना मी एवढंच सांगितलं, "साहेबांनी बेत सोडला." ते "बरं झालं" म्हणाले. बाकीचं त्यांना कळलं असणार असं मी धरून चाललो. खरं तर कसं कळणार होतं? ते अंथरुणात होते.

पुढे तात्या कचेरीत आले ते लंगडतच. पाऊसकाळ संपला, साहेबांची बदली झाली, नवे आले, त्यांना पाखरांचं सोयरसुतक नव्हतं. तात्या लंगडतच होते. मला वाटे, म्हातारा पक्का आहे, इतकं मोठं दुखणं एकदम बरं झालं तर लोक बोलतील, म्हणून बेताबेतानं सोडतोय. जिन्यावर मी त्यांचा हात धरायचो आणि दंड सूचकपणे दाबायचो. कुणी नसलं तर डोळासुद्धा मिचकावायचो. तात्या दुसरीकडे बघत. दीड वर्षानं पेन्शन घेऊन ते मुलाकडे कल्याणला राहायला गेले. निघताना म्हणाले, "फार केलंत, मॅट्रिक." त्या वाक्यावर मी किती दिवस खूश होतो!

त्यानंतर दोनेक वर्षांनी, वैशाखात, एका मुंजीसाठी कल्याणला गेलो. सकाळीच तात्यांचं घर गाठलं. काकू म्हणाल्या, "ते खाडीकडे गेलेत. बांधावर असतील बघ." मी गेलो. दुरूनच दिसले. तोच काळा कोट, काखेत मिटलेली छत्री, आणि दोन्ही लांब पाय उचलून उचलून झपाझप टाकत चाललेले, पंचविशीतल्या माणसासारखे. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच ओरडलो, "तात्या! अहो तात्या!"

ते थांबले. वळले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी मला ओळखलं. मग ते बांध सोडून माझ्या दिशेनं येऊ लागले, आणि दुसऱ्या पावलापासून लंगडू लागले. ठाण्यात उजवा पाय दुखायचा. आज डावा दुखत होता. त्यांच्या मागे, बांधाच्या टोकाशी, दोन शेकाटे उठून ओरडत होते.

साहेब गेल्यावर दीड वर्ष तात्या कुणासाठी लंगडत होते, ते मला त्या उन्हात, माझ्या मॅट्रिकच्या डोक्यात, तेव्हा कुठे शिरलं. मी मिचकावलेले डोळे, दाबलेला दंड, सगळं आठवून जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"इकडे कुठे, मॅट्रिक?" ते धापा टाकत म्हणाले.

"मुंजीला आलोय. पाय कसा आहे?"

"आहे तसाच. चला, घरी जाऊ. काकू ताक देईल."

सांगावं असं फार वाटलं. की तात्या, मला तेव्हाच कळलं होतं. की त्या सोमवारी मी खोटं बोललो. की माझी बढती गेली ती यापायी. सगळं जिभेवर आलं. पण त्यांची नजर माझ्या तोंडाकडे नव्हती. मी कुठे बघतो आहे, तिकडे होती. मी मान खाली घातली आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन हात पुढे केला. त्यांनी तो धरला, चांगला भार टाकून धरला, आणि कण्हत कण्हत मला गावाकडे घेऊन निघाले. त्यांना मला जिथवर न्यायचं होतं तिथवर मी गेलो, एकदाही मागे न बघता.